निरोपाचे भाषण आणि दुष्काळाचे वर्ष

माघ महिना लागला की महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांतून दहावीच्या निरोप समारंभांचे दिवस येतात. शालान्त परीक्षा आता पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागली आहे; २०२५ साली तर ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे हे समारंभही थोडे अलीकडे सरकले आहेत. एरवी त्यांचे स्वरूप गेल्या पन्नास वर्षांत फारसे पालटलेले नाही. सतरंज्या अंथरलेले पटांगण, सरस्वतीच्या प्रतिमेस हार, वर्गाच्या वतीने शाळेस दिलेले भिंतीवरचे घड्याळ, एखाद्या मुलीने कागदावरून वाचावयास घेतलेले आणि निम्म्यावर गळा दाटून थांबलेले मनोगत, आणि सर्वांत शेवटी मुख्याध्यापकांचे भाषण. हे भाषण मी विद्यार्थी म्हणून एकदा ऐकले, शिक्षक म्हणून अनेकदा ऐकले आणि मुख्याध्यापक या नात्याने काही वर्षे स्वतःही केले. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुकाळाच्या वर्षी हे भाषण कसेही झाले तरी बिघडत नाही. मुले ते ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि अल्पोपाहाराकडे वळतात. परंतु वर्ष वाईट असेल, विहिरी आटलेल्या असतील, गिरणी बंद पडलेली असेल किंवा घरात रोगराईने माणूस गेलेले असेल, तर त्या वर्षीच्या भाषणातील प्रत्येक वाक्य समोरचा विद्यार्थी स्वतःशी ताडून पाहत असतो. त्या वेळी बोलणाऱ्यावर मोठी जबाबदारी येऊन पडते, आणि ती आपण नेहमीच नीट पार पाडतो असे म्हणवत नाही.

अशा भाषणांचा एक ठरीव साचा आहे. प्रथम काळ कठीण आहे हे एका वाक्यात मान्य करावयाचे. मग थोर पुरुषांचे दाखले द्यावयाचे: अमुक रस्त्यावरील दिव्याखाली शिकले, तमुक मैलोगणती चालत शाळेत गेले, तमुकांनी वार लावून जेवण केले. आणि शेवटी, ज्याच्या अंगी जिद्द आहे त्याला परिस्थिती अडवू शकत नाही, असा निष्कर्ष काढून शुभेच्छा द्यावयाच्या. हे दाखले खोटे नसतात. परंतु त्यांच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा असतो. जिद्द असेल तर परिस्थिती अडवू शकत नाही असे एकदा म्हटले की, ज्याला परिस्थितीने अडवले त्याच्या अंगी जिद्दच नव्हती, असा त्याचा दुसरा अर्थ आपोआप होतो. वक्त्याच्या मनात तो नसतो. पण मागच्या रांगेत बसलेल्या, सहामाहीनंतर दोन महिने शाळेत येऊच न शकलेल्या मुलाच्या मनात तोच शिल्लक राहतो. धीर देण्याच्या हेतूने केलेल्या भाषणातून तो अपराधाची भावना घेऊन घरी जातो.

या भाषणांतून सर्वाधिक वेळा येणारे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ते यावयासच हवे. परळच्या चाळीतील एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या मुलाची कथा ऐकून कोणाचेही मन उभारी धरील. परंतु ती कथा आपण अर्धीच सांगतो. त्या काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि मराठीतील नामवंत चरित्रकार. शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धाचे अशी दोन्ही चरित्रे त्यांच्या नावावर आहेत. या मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यापुढील भाग मात्र भाषणांतून क्वचितच ऐकू येतो. इंटरनंतर घरची आर्थिक ओढाताण होऊन शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, त्याला महाराजांच्या भेटीस नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ती मिळाली नसती तर १९१२ सालची बी.ए.ची परीक्षा त्यांना देता आली असती किंवा नाही, कोण सांगणार!

सत्कारसभा, पुस्तक आणि महाराजांची भेट या तीन गोष्टींची मनाशी तुलना करून पाहावी. सभेत कौतुकाची भाषणे झाली असतील. ती कोणाच्याही लक्षात राहिलेली नाहीत. पुस्तक लक्षात राहिले आणि पंचवीस रुपये उपयोगी पडले. केळुसकर हे त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापकही नव्हते, त्यांची शाळाच वेगळी होती. तरीही शाळेतील वडीलधाऱ्याने वाईट काळात काय करावयाचे असते, याचा याहून चांगला नमुना आपल्याकडे शोधावा लागत नाही. मग दिव्याखाली वाचणाऱ्या मुलाचा दाखला देताना आपण केळुसकरांना का वगळतो? मला वाटते, त्यांचे नाव घेतले की बोलणाऱ्यावरच काही करण्याची पाळी येते, हे त्याचे एक कारण असावे. मुलाची जिद्द वाखाणण्यास काही खर्च नसतो.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे. बाबासाहेबांना पुस्तके हवी असली आणि घरात पैसा नसला की, त्यांचे वडील रामजी सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत आणि ते गहाण टाकून पुस्तके घेऊन देत. ही आठवण स्वतः बाबासाहेबांनीच सांगितलेली आहे. बहिणींच्या या दागिन्यांकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही; सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ते पाठच असते. एवढेच नमूद करतो की १९१९ साली स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था, साताऱ्याचे शाहू बोर्डिंग आणि १९४० साली निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल यांच्या मुळाशी एक साधा हिशेब होता. गरीब मुलाला शीक म्हणावयाचे, तर त्याच्या भाकरीची सोय आधी लावावयाची. 'कमवा आणि शिका' ही घोषणा म्हणून आज भिंतीवर रंगवली जाते. पण ती मुळात मुलांना निवारा, अन्न आणि काम पुरवणारी व्यवस्था होती, आणि ती चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले. येथेही दागिने बाईच्या अंगावरचेच होते, हे ओघाने आले म्हणून सांगितले.

आता माझ्या स्वतःच्या निरोप समारंभाविषयी. १९७३ च्या मार्चमध्ये मी जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा दिली. दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासून आली, त्याआधीचे आम्ही. ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचे. आमचे गाव माणदेशातले. तेथे पाऊस एरवीही बेताचाच, पण त्या वर्षी सरकी आणि बाजरी दोन्ही गेली होती. राज्यभर दुष्काळी कामे निघाली आणि १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले त्यांत होती. सकाळी खडी फोडावयाची, दुपारी जमेल तसे शाळेत यावयाचे. मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे.

त्या वर्षी आमच्या हेडसरांनी निरोप समारंभ घेतला नाही. शनिवारची शाळा सुटल्यावर त्यांनी अकरावीला तेवढे थांबवून घेतले आणि उभ्यानेच चार वाक्ये सांगितली. काळ वाईट आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मार्क कमी पडतील, पडू देत. पण परीक्षेला बसा, कारण एकदा पट सुटला की पुन्हा जमत नाही, हे मी पाहिलेले आहे. आणि तालुक्याच्या गावी परीक्षेपुरते राहावयाची सोय केलेली आहे, प्रत्येकाने फक्त पीठ आणावयाचे. संपले. एवढे बोलून त्यांनी खिशातून कागद काढला आणि कोणाकोणाच्या घरचे लोक कोणत्या कामावर आहेत, ते लिहून घेऊ लागले.

तो कागद कशासाठी होता ते नंतर कळले. दुष्काळी कामावर मजुरी टोळीच्या कामाच्या मोजमापावर मिळे. टोळीतील एक माणूस आठ-दहा दिवस गैरहजर राहिला तर त्याची मजुरी तर जाईच, पण टोळीचे मापही कमी भरे आणि बाकीचे कुरकुर करीत. म्हणूनच परीक्षेला जाण्यास घरचे लोक तयार नसत. हेडसर सायकलवरून एकेका कामावर गेले, मुकादमांशी बोलले आणि परीक्षेच्या दिवसांपुरती मुलाच्या जागी घरातील दुसरे माणूस हजेरीपटावर लावून घेण्याची तजवीज त्यांनी केली. त्यामुळे आमच्या वर्गातील बहुतेक सर्व मुले परीक्षेला बसू शकली. मीही बसलो, उत्तीर्ण झालो, डी.एड. केले, पुढे पदवी घेतली आणि शिक्षक झालो. त्या चार वाक्यांवर आणि त्या सायकलवर माझा सारा संसार उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु माझ्या जागी हजेरीपटावर जे 'घरातील दुसरे माणूस' लागले, ती माझी धाकटी बहीण होती. सातवीत होती ती. दहा दिवसांसाठी म्हणून गेली आणि कामावरच राहिली. टोपली उचलण्यात ती माझ्याहून चपळ आहे असे मुकादमाने वडिलांना सांगितले होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचे नाव पटावर नव्हते. यात हेडसरांचा दोष मी काढीत नाही. त्यांना सगळेच वाचवता येणे शक्य नव्हते. दोष काढावयाचा तर तो आधी माझ्याकडे येतो, कारण मी पुढे अनेक वर्षे निरोप समारंभांतून स्वतःच्या जिद्दीची हकीकत मुलांना सांगत राहिलो आणि तिचा उल्लेख एकदाही केला नाही.

हे सांगण्याचे कारण असे की वाईट काळातील यशाच्या प्रत्येक कथेत कोणीतरी मागे राहिलेले असते, आणि आपल्या समाजात ते बहुधा मुलगी असते. मुलाची परीक्षा चुकू नये म्हणून सारे घर धडपडते. मुलीची परीक्षा मात्र 'पुढच्या वर्षी देईल' या एका वाक्यावर सुटते, आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न झालेले असते. शाळेच्या प्रमुखाने वाईट वर्षात धीराचे शब्द बोलण्यापूर्वी पट हातात घेऊन ज्यांची हजेरी तुटली आहे ती नावे वाचावीत. त्यांत मुली किती, हे पाहावे. मग काय बोलावयाचे ते त्याला आपोआप सुचेल.

शासनाला हे कळत नाही असे नाही. दुष्काळ जाहीर झाला की ठरावीक सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर, आणि या यादीतच विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा ही सवलत होती. २०२३ साली ४० तालुक्यांत जाहीर झाला तेव्हाही होती. मोटारीचे वीजबिल आणि मुलाची परीक्षा एकाच यादीत यावीत, हे मला शेतकऱ्याच्या घराचे अगदी खरे चित्र वाटते. परंतु परीक्षेचे अर्ज आणि शुल्क पुष्कळदा सवलतीचा आदेश शाळेपर्यंत येण्याआधीच भरून झालेले असतात. मग शुल्क परत मिळावे म्हणून विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची माहिती मागवली जाते, याद्या जातात, परत येतात, आणि तोवर मुले शाळा सोडून गेलेली असतात. जो लिपिक त्या मुलांना गाठून, खाते क्रमांक तपासून, यादी दुसऱ्यांदा पाठवतो, तो त्या मुलांना जो धीर देतो तो व्यासपीठावरील पुष्कळ भाषणांना देता येत नाही. शाळेच्या कार्यालयातील कारकुनांचे ऋण आपण फारसे मानीत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

अलीकडच्या काळातील सर्वांत वाईट वर्षे कोरोनाची. २०२० ची दहावीची परीक्षा ३ मार्चला सुरू झाली आणि शेवटचा, २३ मार्चचा भूगोलाचा पेपर व्हावयाचा राहिला. पुढे तो रद्दच झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. त्या मुलांना निरोप समारंभ तरी मिळाला होता. २०२१ च्या मुलांना तोही नाही, परीक्षाही नाही. एप्रिलमध्ये परीक्षा रद्द झाली, नववीच्या आणि दहावीच्या अंतर्गत गुणांवर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ साली, तो ७७.१० टक्के होता. अकरावीच्या प्रवेशासाठी योजलेली सामाईक परीक्षाही ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे परीक्षेविना दहावी आणि परीक्षेविनाच प्रवेश. या मुलांची 'कोरोना बॅच' म्हणून किती हेटाळणी झाली, ते आठवून पाहावे. लग्नाच्या जाहिरातींपासून नोकरीच्या मुलाखतींपर्यंत तिच्यावर विनोद झाले. हे विनोद करणाऱ्यांत शिक्षकही होते, हे कबूल करावयास हवे.

वस्तुतः त्या वर्षी शाळांच्या प्रमुखांनी या मुलांना सांगावयास हवे होते ते एवढेच: ही परीक्षा तुम्ही टाळलेली नाही, ती तुमच्याकडून काढून घेतली गेली, आणि जे शिकावयाचे राहिले आहे ते शिकवण्याची जबाबदारी अजून आमच्यावर आहे. काही जणांनी ते सांगितले. शासनाच्या 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या उपक्रमातील पाठ दूरध्वनीवरून पाठवणे हे पुष्कळ ठिकाणी झाले. परंतु ज्या घरात असा दूरध्वनी नव्हता किंवा होता तो वडिलांबरोबर कामावर जात असे, तेथे कागदी प्रश्नसंच घेऊन वाडीवस्तीवर फिरणारे, देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली चार-चार मुलांना अंतरावर बसवून शिकवणारे शिक्षकही मी पाहिले. त्यांचे कोणतेही भाषण मला आठवत नाही. दुसरीकडे, न झालेल्या परीक्षेचे शुल्क परत करण्याचा निर्णय झाला तेव्हा दहावीच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास ५९ रुपये आले. ही रक्कम मिळवण्यासाठी भरावयाची माहिती पाहिली असता, ती मुलांना मिळावी अशी कोणाची मनापासून इच्छा होती किंवा नाही, असा प्रश्न पडतो.

२०२२ ची परीक्षा मात्र मला मंडळाच्या अलीकडच्या इतिहासातील एक समंजस घटना वाटते. अभ्यासक्रम पाव हिश्श्याने कमी केला होता. दोन वर्षे मुलांचा लिहिण्याचा सराव तुटला आहे हे ओळखून मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला. आणि मुलांना शक्यतो त्यांच्या स्वतःच्या शाळेतच केंद्र दिले. कॉप्या वाढतील अशी ओरड तेव्हा झाली, आणि ती अगदीच निराधार होती असे नाही. पण एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप तेव्हा चालू होता, हे ओरड करणारे विसरले. खेड्यातील मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असला तरी गाडीच नसेल तर पासाचे करावयाचे काय? केंद्र गावातच असल्यामुळे त्या वर्षी कित्येक मुलींची परीक्षा वाचली. जेथे तसे नव्हते तेथे मुख्याध्यापकांनी दुधाच्या टेम्पोपासून स्वतःच्या मोटारसायकलीपर्यंत मिळेल ते वाहन वापरले. मुलांवर विश्वास दाखवणे ही गोष्ट वेळापत्रकातूनही करता येते, हे त्या वर्षी दिसले.

आता एक अवघड गोष्ट. मुलांना धीर देणाऱ्या माणसाला धीर कोण देणार? २००१ नंतर 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा निघाल्या. त्यांतील 'कायम' हा शब्द २००९ साली गेला, आणि २०१६ पासून वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान येऊ लागले. या मधल्या काळात किती तरी शिक्षकांनी वर्षानुवर्षे वेतनाविना अथवा नाममात्र मानधनावर शिकवले. सुट्टीत कोणी शेतमजुरी केली, कोणी रात्री वाहन चालवले. अशा शाळेतील शिक्षक निरोप समारंभास उभा राहून, शिका म्हणजे आयुष्याचे सोने होईल, असे सांगतो तेव्हा समोरच्या मुलांना त्याची पायताणे दिसत असतात. गावात सर्वांना सर्व माहीत असते. अशा वेळी एका तरुण सहकाऱ्याने केलेले भाषण मी ऐकले आहे. तो म्हणाला, "शिकून लगेच पगार मिळतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला अजून मिळालेला नाही. पण बँकेचा कागद वाचता येतो, सावकाराचा हिशेब पडताळता येतो, आणि दवाखान्यात बापाला काय झालंय ते विचारता येतं. तेवढ्यासाठी शिका." पालकांतील कोणीतरी जागेवरूनच "बरोबर बोलला मास्तर" असे म्हटले. त्या भाषणात एकाही थोर पुरुषाचे नाव नव्हते.

निकालाचा दिवसही या विषयात येतो, कारण निरोप समारंभातील शब्दांची किंमत त्या दिवशी ठरते. २०२५ साली दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. वृत्तपत्रांतून पेढे भरवणाऱ्यांची छायाचित्रे आली. पण उरलेल्या टक्क्यांत नव्वद हजारांहून अधिक मुले होती, आणि एवढ्या मोठ्या यशाच्या गर्दीत अनुत्तीर्ण होणे हे निकाल पन्नास-साठ टक्के लागत असतानाच्या काळापेक्षा अधिक एकाकी झाले आहे. आमच्या वेळी नापासांची सोबत तरी मोठी असे. अनुत्तीर्णांसाठी २०१५ पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा होते आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याचे वर्ष वाचते. दोन विषय राहिले असले तरी अकरावीत बसता येते. ज्याची शाळाच सुटली त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते. हे सर्व ज्ञात आहे असे आपण समजतो. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीला बसले आहे तेथे ते कोणालाही ठाऊक नसते, आणि निकालाच्या दुपारी ते मूल कोणाला विचारावयास जात नाही. तेव्हा निरोपाच्या भाषणातील दहा मिनिटे कमी करून या तीन गोष्टी फळ्यावर लिहून दाखवल्या, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय दिवसभर उघडे राहील असे सांगितले, तर मुलांचे काही नुकसान होणार नाही. आणखी एक. थकलेल्या शुल्कापायी मुलाचा दाखला कपाटात अडवून ठेवणाऱ्याने त्याच मुलाला उज्ज्वल भवितव्याच्या शुभेच्छा देऊ नयेत. निदान त्याच आठवड्यात तरी देऊ नयेत.

यावर कोणी म्हणेल की मग प्रेरणेचे स्थान काय? मुलांना उंच काही दाखवावयाचेच नाही काय? अवश्य दाखवावे. केवळ सोयीसवलतींची यादी वाचून दाखवणारा मुख्याध्यापक मलाही नको आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी मनाला जी भूक असते ती अर्ज आणि तारखांनी भागत नाही, आणि आमच्या हेडसरांनी सायकल काढली त्याआधी ती चार वाक्येही बोलली होती, हे मी विसरलेलो नाही. 'त्यात तुमचा काही दोष नाही' हे वाक्य मला त्या वयात दुसऱ्या कोणाकडूनही ऐकावयास मिळाले नव्हते. घरी वडील चिडलेले असत, गावात देवळातले कीर्तनकार पूर्वसंचिताविषयी बोलत असत. दोष नाही असे अधिकारवाणीने सांगणारा माणूस तेवढा एकच होता. मात्र ते वाक्य खरे वाटले याचे कारण त्याच्यामागोमाग आलेला कागद हे होते.

मी मुख्याध्यापक असताना २०१२-१३ चा दुष्काळ पडला. आमच्या भागात चारा छावण्या निघाल्या आणि कित्येक कुटुंबे जनावरांबरोबर छावणीतच राहावयास गेली. दहावीची काही मुले गोठ्याच्या कडेला बल्ब लावून अभ्यास करीत. त्या वर्षी निरोप समारंभात बोलावयास उभा राहिलो तेव्हा, का कोण जाणे, मी प्रथमच माझ्या बहिणीविषयी बोललो. माझ्या जागी ती खडी वाहावयास गेली, तिचे नाव पटावरून कमी झाले आणि ते पुन्हा लावण्यासाठी कोणी शाळेत आले नाही. मीदेखील गेलो नाही, एवढेच सांगितले आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांची जरा पंचाईत झाली.

सायंकाळी कार्यालय बंद करीत असताना दहावीतील एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिची धाकटी बहीण आठवीत होती आणि दिवाळीपासून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. "सर, तिचं नाव कमी करू नका," ती म्हणाली. "पट्टा पडला की ती येणार आहे. मी तिची वह्यापुस्तकं सांभाळून ठेवली आहेत." मी लिपिकांना हाक मारून आठवीचा हजेरीपट मागवला. नावापुढे लाल शाईने सतत गैरहजर असा शेरा पडलेला होता. तिच्यादेखतच त्यापुढे 'स्थलांतरित, एप्रिलमध्ये परत येणार' असे लिहून सही केली, आणि ती मुलगी तो शेरा दोनदा वाचून घरी गेली.